वर्षभर वहीत मांडलेला सिनेमा: घर स्वस्त की थिएटर?

हिशेबी_पेठकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेल्या पाडव्याला आम्ही चौघं मल्टिप्लेक्सला सिनेमा पाहून परत येत होतो. गाडीत मी सहज बोलून गेलो, की आज जेवढे गेले तेवढ्यात घरी दोन महिने सिनेमे पाहून झाले असते. सौ. म्हणाली, "पाहून झाले असते म्हणजे कोणाचे?" तेवढ्यात सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दाबला आणि तो प्रश्न तिथेच राहिला. मी मात्र घरी येऊन एक शंभरपानी वही काढली आणि त्या दिवसापासून या पाडव्यापर्यंत घरातल्या प्रत्येक सिनेमाचा खर्च लिहिला. वही भरली नाही, पण डोळे उघडले. म्हणून हा धागा.

घरात माणसं पाच. मी, सौ., मुलगी नववीत, मुलगा पाचवीत आणि आई, वय ७६. मुक्काम पुणे.

आधी थिएटर. वर्षात सात वेळा गेलो. पाच वेळा चौघं, दोनदा तिघं, म्हणजे २६ तिकिटं. आई एकदाही आली नाही. तिकिटांचे ७,२१०, ऑनलाइन बुकिंगवर वरून लागलेले ८६०, खाणंपिणं ५,४५०, पार्किंग आणि पेट्रोल मिळून १,३२०. एकूण १४,८४०. एका खुर्चीमागे ५७१ रुपये पडले, त्यात तिकीट फक्त २७७चं. खाण्याचा आकडा पुन्हा वाचा. शंभरातले जवळजवळ सदतीस रुपये पॉपकॉर्न आणि बर्फाळ पाण्यात गेले. सिनेमानंतर हॉटेलात जेवलो ते यात धरलेलं नाही, तो वेगळ्या वहीचा विषय.

आता घर. नेटफ्लिक्सचा महिना ४९९वाला प्लॅन, वर्षाचे ५,९८८. प्राइमचे १,४९९. क्रिकेटसाठी म्हणून घेतलेलं तिसरं ॲप, तेही वर्षाला १,४९९. टीव्ही ४३ इंची, ३४,००० ला घेतलेला. सात वर्षं चालेल असं धरून वर्षाचे ४,८५७. साउंडबार ९,००० चा, सहा वर्षं धरली, वर्षाचे १,५००. ब्रॉडबँड करासकट महिना ७०७, पण त्यावर माझं ऑफिस आणि मुलांचा अभ्यासही चालतो म्हणून तिसरा हिस्सा धरला, २,८२८. वीज अगदीच किरकोळ: टीव्ही आणि साउंडबार मिळून शंभरेक वॉट, वर्षाची पंधरा-सोळा युनिटं, १७० रुपये.

बेरीज १८,३४१.

मी तीनदा केली. घरचा सिनेमा थिएटरपेक्षा साडेतीन हजारांनी महाग!

अर्थात घरी सिनेमे जास्त पाहिले. वर्षात ६१ सिनेमे लावले. 'लावले' हा शब्द मुद्दाम वापरतोय. त्यातले ३८ संपेपर्यंत घरातलं कोणीतरी जागं होतं. आणि त्या वेळी घरात असलेल्या सगळ्यांनी बसून शेवटपर्यंत पाहिला अशी खूण वहीत १९ सिनेमांपुढे आहे. म्हणजे लावलेल्या सिनेमामागे ३०१ रुपये, आणि सगळ्यांनी मिळून पाहिलेल्या सिनेमामागे ९६५. थिएटरचा एक सिनेमा घराला २,१२० ला पडला.

तुमचे अनुभव आणि आकडे येऊ द्या. माझं काही चुकत असेल तर दाखवा.

गवती_चहा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्नला स्वतंत्र रकाना दिल्याबद्दल साष्टांग दंडवत _/\_

ताळेबंद

पेठकर, मेहनतीला सलाम, पण मांडणी फसली आहे. थिएटरला गाडीने गेलात. गाडीचा हप्ता, विमा, टायरची झीज यातलं काही थिएटरच्या खात्यात नाही, फक्त पेट्रोल आहे. घरच्या खात्यात मात्र टीव्हीची झीज पूर्ण धरलीत. त्याच टीव्हीवर आईंच्या मालिका आणि तुमचं क्रिकेट चालत नाही का? त्यांनी वाटा उचलायचा नाही?

एकतर दोन्हीकडे सगळं धरा, नाहीतर दोन्हीकडे फक्त सिनेमा पाहिला म्हणून वाढलेला खर्च धरा. दुसऱ्या पद्धतीने टीव्ही, साउंडबार, ब्रॉडबँड तिन्ही बाद. ही मंडळी सिनेमा न पाहताही घरात होतीच. उरतात वर्गण्या ८,९८६ आणि वीज १७०, म्हणजे ९,१५६. भागिले ६१, सिनेमामागे १५० रुपये. आता बोला.

हिशेबी_पेठकर

गाडीचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण साउंडबार मी सिनेमासाठीच घेतला होता हो. बातम्या ऐकायला कोण घेतं?

गवती_चहा

आमच्याकडचे घेतील. बातम्यांनाच जास्त धडधड लागते.

पंचगंगेकाठी

तुम्ही पुण्या-मुंबईची माणसं सिनेमा म्हटलं की थेट मल्टिप्लेक्सच धरता राव. आमच्याकडं अजून एकपडदा थिएटरं आहेत. मी बाल्कनीत शंभर-सव्वाशेत बसतो. इंटरव्हलला बाहेर भडंग आणि चहा, तीस रुपये. दोघं नवरा-बायको मोटारसायकलवर, तीनशेत कार्यक्रम उरकतो. खुर्च्या थोड्या कुरकुरतात, एसी कधी असतो कधी नसतो, पण शिट्ट्या वाजवल्या तर कुणी वळून बघत नाही.

करातही फरक आहे बघा. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८. पेठकरांच्या २७७ च्या तिकिटात ४२ रुपये सरकारचे आहेत. माझ्या शंभरीच्या तिकिटात पाचाच्या आतच.

जुना_प्रेक्षक

पंचगंगेकाठी, भाग्यवान आहात. आमच्या अप्पा बळवंत चौकातलं 'प्रभात' २०१४ च्या अखेरीस बंद झालं तेव्हा गल्लीतलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं. पुढे किबे लक्ष्मी नावाने पुन्हा उघडलं म्हणा. मराठी सिनेमा म्हणजे प्रभात असं डोक्यात इतकं पक्कं होतं, की जाहिरात न बघताच निघायचो.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), जीएसटीच्या आधी महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. हिंदीवर ४५ टक्के. त्यामुळे त्याच थिएटरात मराठीचं तिकीट सरळ स्वस्त दिसायचं आणि मध्यमवर्गाला तेवढं कारण पुरायचं. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मराठी-हिंदी एका रांगेत. मराठीला प्रेक्षक नाही म्हणून गळा काढताना हा बदल कोणी आठवत नाही.

सोलापुरी_चादर

खाण्याचं एवढं काय घेऊन बसलात? बाहेरचे पदार्थ आत न्यायला कायद्याने परवानगी आहे. अडवलं तर तक्रार करायची. मी तर चटणी-भाकरी घेऊन जाणार.

कलम_पाहून_सांगते

चादरदादा, थांबा. ही समजूत २०१८ पासून व्हॉट्सॲपवर फिरते आहे. तेव्हा विधिमंडळात तशी घोषणा झाली होती हे खरं, पण पुढे गाडं अडलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचं खाणं आणू न देण्याचा नियम मालक करू शकतो. तो खटला जम्मू-काश्मीरचा होता. मात्र पिण्याचं पाणी फुकट मिळायला हवं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडिलांना आत नेता येतं. तेव्हा साठ रुपयांची बाटली घेण्याआधी पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारा. तो असतो. बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या बोळात, पाटी नसलेला.

बुकिंगवरच्या वाढीव पैशांबद्दलही सांगते. महाराष्ट्र सरकारने २०१३-१४ मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटावर असे पैसे घ्यायला बंदी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. म्हणजे पेठकरांचे ८६० कायदेशीररीत्याच गेले. वाचवायचे असतील तर खिडकीवर जा. आठवड्याच्या मधल्या दिवशी खिडकीवर गर्दी नसते, खिडकीतला माणूसच नसतो, त्याला शोधून आणावं लागतं.

सोलापुरी_चादर

अरे देवा. म्हणजे चटणी घरीच.

तांत्रिक_तात्या

पेठकर, तुमचा टीव्ही सोफ्यापासून किती फुटांवर आहे?

हिशेबी_पेठकर

दहा असेल. का?

तांत्रिक_तात्या

तेच म्हटलं. सिनेमासाठी साधारण नियम असा, की पडद्याची तिरकी लांबी गुणिले दीड ते पावणेदोन, एवढ्याच अंतरावर बसायचं. ४३ इंचीसाठी ते पावणेसहा फूट होतं. दहा फुटांवरून तुम्ही सिनेमा पाहत नाही, खिडकीतून शेजाऱ्यांचा सिनेमा पाहता. त्या अंतराला ७५ इंची लागेल. ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा लोकांनी घाईघाईने मोठे पडदे घेतले. पण मी सांगतो तो उपाय फुकट आहे: सिनेमाच्या वेळी सोफा चार फूट पुढे ओढा. संपला की मागे.

प्रोजेक्टरचं विचारणारे येतीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. १०० इंची चित्र म्हणजे सव्वासात फूट रुंदीची भिंत. साधा प्रोजेक्टर त्यासाठी पावणेनऊ फूट मागे ठेवावा लागतो, आणि तिथे नेमका पंखा किंवा घरातल्या माणसाचं डोकं येतं. ऑनलाइन पाच-सात हजारांत मिळणाऱ्या डब्यांवर "९,००० लुमेन" वगैरे छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. 'अन्सी लुमेन', म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते बघा. तो आकडा दिलाच नसेल तर काय समजायचं ते समजा. दुपारी पडदे लावूनही चित्र फिकं दिसेल, रात्री बरं दिसेल. मी असा एक डबा घेतला होता. आता त्याच्या उजेडात गणपतीत मुलं भिंतीवर हाताच्या सावल्यांची हरणं नाचवतात.

वसतिगृह_क्र_३

इथे सगळे काका-काकू टीव्हीच्या इंचांवर बोलताय, आमचा पडदा साडेसहा इंची आहे :) माझं गणित फार सोपं. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन १४९. पण दिवसाला २ जीबीचं रिचार्ज आहे आणि चांगल्या प्रतीत सिनेमा डेटा भराभर खातो. म्हणजे नायिका यायच्या आत डेटा संपतो. म्हणून कमी प्रतीत बघायचं नाहीतर ग्रंथालयाच्या वायफायवर रात्री उतरवून ठेवायचं.

थिएटरला आम्ही सोमवार ते गुरुवार. चौघांनी आपापल्या नावावर महिन्याचा पास घेऊन बघितला होता. २०२३ मध्ये एका मोठ्या साखळीने काढला तेव्हा ६९९ रुपयांत महिन्याला दहा सिनेमे, फक्त मधल्या वारांना, आणि ज्याच्या नावावर त्यानेच जायचं. दहा कोण बघतं? पहिल्या महिन्यात सहा पाहिले, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात परीक्षा. जिमसारखं झालं.

आणि तो राष्ट्रीय सिनेमा दिवस! २०२२ ला ७५ रुपये, पुढची दोन वर्षं ९९. त्या दिवशी हॉल असा भरतो की कळतं, लोकांना सिनेमा नको असं नाहीये.

ताळेबंद

पोरा, शेवटचं वाक्य थिएटरवाल्यांच्या दारावर चिकटव.

वर्गण्यांबद्दल: तिन्ही ॲपं बाराही महिने चालू ठेवायची गरजच नाही. वर्षाच्या वर्गणीचा मोह टाळा. एका वेळी एक घ्या, महिनाभर जे बघायचं ते बघा, बंद करा, दुसरं घ्या. नेटफ्लिक्स चार महिने घेतलं तर १,९९६. पेठकरांचे इथेच चार हजार वाचतात. शिवाय अनेक ब्रॉडबँडच्या आणि मोबाइलच्या प्लॅनमध्ये एखादं-दुसरं ॲप आधीच जोडलेलं असतं, आणि लोक त्याचेच पैसे वेगळे भरत असतात. आमच्या भावजींनी दोन वर्षं भरले.

एक सांगा, प्राइमवर जून २०२५ पासून जाहिराती लागतात. नको असतील तर वरून वर्षाचे ६९९. ते भरता की जाहिराती सोसता?

हिशेबी_पेठकर

सोसतो. जाहिरात लागली की मुलगा पाणी प्यायला उठतो, तेवढंच पोटात पाणी जातं.

जर्सीची_माई

इथून, म्हणजे न्यू जर्सीतून, लिहिते. आमच्याकडे 'घर की थिएटर' असा प्रश्नच निराळा पडतो. इंग्रजी सिनेमा हवा तेव्हा, हवा तिथे. मराठी सिनेमा म्हणजे इथल्या मराठी मंडळाने शनिवारी दुपारी एक खेळ लावला तर. चाळीस मैल गाडी हाकायची, तिकीट पंधरा-वीस डॉलर, आणि खेळ एकच. हुकला की हुकला. तरी हॉल भरतो, कारण इंटरव्हलमध्ये कोणाची मुलगी कुठल्या कॉलेजात गेली ते कळतं. ते घरी कुठल्या ॲपवर कळणार?

स्वस्ताईचं म्हणाल तर इथलं गुपित म्हणजे गावचं सार्वजनिक वाचनालय. डीव्हीडी फुकट घरी नेता येतात, आणि त्याच वाचनालयाच्या कार्डावर कॅनोपी, हूपला अशी ॲपं चालतात, पैसे न देता. जुने जगभरातले सिनेमे तिथे सापडतात. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवलं, त्यानंतर मी पुन्हा वाचनालयाची पायरी चढले. तिथल्या बाई मला आता नावाने ओळखतात. नाव चुकीचं घेतात, पण घेतात.

जुना_प्रेक्षक

माई, आपल्याकडे असं वाचनालय नाही, पण चित्रपट मंडळं आहेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात आशय आहे. वर्षाची वर्गणी भरा, एरवी कुठेही न लागणारे सिनेमे मोठ्या पडद्यावर बघा, वर चर्चाही ऐका. (चर्चा लांबते. चहा मागच्या बाजूला असतो.)

अवांतर: घरी सिनेमा बघण्याचा खर्च आमच्या वेळी वर्गणी काढून व्हायचा. गणपतीत वाड्यात व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणायचो. घरटी दहा रुपये. तिन्ही सिनेमे एका रात्रीत बघायचेच, पैसे दिलेत ना! पहाटे चित्रावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या, की एक जाणता मुलगा व्हीसीआरचं हेड पुसायला बसायचा आणि बाकीचे त्याच्याकडे सर्जनकडे बघावं तसं बघायचे. तो पुढे खरंच डॉक्टर झाला.

सोसायटी_सचिव

वाड्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीत गच्चीवर पडदा लावून दर महिन्याला सिनेमा दाखवायचा ठराव आला आहे. कोणाच्या तरी खात्यावरून लावायचा, घरटी ५० रुपये. काही अडचण?

कलम_पाहून_सांगते

आहे. त्या ॲपांची वर्गणी घरगुती वापरापुरती असते. शंभर जणांना गच्चीवर, तेही पैसे घेऊन दाखवणं हा सार्वजनिक खेळ झाला. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. तुमच्या गच्चीवर कोणी छापा घालणार नाही, पण सचिव म्हणून ठरावावर तुमची सही असेल, एवढं लक्षात ठेवा.

सोसायटी_सचिव

अंताक्षरी ठेवतो.

मीठभाकर

इतका वेळ नुसतं वाचत होते, आता राहवत नाही.

पेठकर, तुमच्या वहीत सगळं आहे, अगदी विजेचे १७० सुद्धा आहेत, पण घरी सिनेमा चालू असताना खाणं किती झालं तो रकाना नाही. थिएटरचं खाणं ५,४५० आणि घरचं शून्य? ६१ सिनेमे कोरड्या तोंडाने पाहिलेत?

आमच्या घरचं सांगते. रविवारी दुपारी सिनेमा लागतो. लागला की दहाव्या मिनिटाला "काहीतरी कुरकुरीत कर ना". कांदा चिरेपर्यंत नायक-नायिका भेटलेले असतात. मी ओट्याशी उभी राहून कानाने सिनेमा ऐकते. भजी घेऊन बाहेर येते तेव्हा मुलं म्हणतात, "आई, बाजूला हो, दिसत नाहीये." मग चहा. मग सासऱ्यांच्या गोळ्या. मग बेल वाजते, इस्त्रीवाला. "पॉज कर रे" म्हटलं तर म्हणतात, "तुला सांगतो नंतर काय झालं ते." कुठलाही सिनेमा मी तीन तुकड्यांत पाहिलेला असतो आणि शेवट नेहमी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला.

थिएटरात मी खुर्चीत बसते. अंधार होतो. अडीच तास मला कोणी काही मागू शकत नाही, कारण मागितलं तरी मी कुठून देणार? पॉपकॉर्न महाग आहे हे मलाही कळतं. पण तो मला भाजावा लागत नाही.

लिंबूसरबत

+१००. ओट्याशी उभं राहून कानाने पाहिलेल्या सिनेमांची यादी काढली तर माझा विक्रम होईल.

गवती_चहा

+१. आणि आमच्याकडे इस्त्रीवाला नेमका क्लायमॅक्सला येतो.

ताळेबंद

मीठभाकर, मुद्दा बिनतोड. यावर उत्तर एकच, खाणं सिनेमाच्या आधी किंवा नंतर, आणि करणारा माणूस दर वेळी वेगळा. आमच्याकडे मी चिवडा करतो. (डब्यातून काढून ताटलीत ओततो.)

आजीचा_नातू

थिएटरच्या बाजूने एवढं बोललं गेलं म्हणून दुसरी बाजूही. माझी आजी ८१. गुडघे गेलेत, दर पाऊण तासाला उठावं लागतं. मल्टिप्लेक्सच्या अंधारात त्या पायऱ्या म्हणजे तिला कड्यावरून उतरणं. एकदा नेलं होतं, मध्येच उठली, पायरी चुकली. पडली नाही, पण नंतर "मला नका नेऊ" म्हणाली ते कायमचं. आमच्यासाठी घरचा टीव्ही म्हणजे चैन नाही, आजीला दिसणारा तेवढाच सिनेमा आहे. दहा वेळा थांबवतो, दहा वेळा लावतो. तिला कमी ऐकू येतं म्हणून खाली अक्षरं लावायला गेलो, तर मराठी सिनेमाला अक्षरं फक्त इंग्रजीत! मराठी बोलणं मराठीत लिहून दाखवायला किती खर्च येतो हो?

पेठकर, तुमच्या आई सातपैकी एकदाही आल्या नाहीत म्हणालात. त्यांनी घरी किती पाहिले, ते वहीत वेगळं लिहिलंय का?

हिशेबी_पेठकर

नाही लिहिलं. आता विचारून आलो. म्हणाली, "तुम्ही लावता ते मला झेपत नाहीत, पण मांडीवर कोणीतरी डोकं ठेवतं म्हणून बसते."

मीठभाकर, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ती काही न बोलता वही मागून घेऊन गेली आहे. काळजीत आहे.

हिशेबी_पेठकर

मी पेठकरांची बायको. ह्यांच्याच खात्यावरून लिहिते आहे, वेगळं खातं काढायला वेळ नाही.

१९ सिनेमांपुढे ह्यांनी "सगळ्यांनी पाहिला" अशी खूण केली आहे. मी त्या यादीवरून एकदा बोट फिरवलं. त्यातले मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेले चार. एक मुलं आजोळी गेली होती तेव्हाचा. एक मला ताप होता तेव्हाचा. एक सिलिंडर संपला होता आणि जेवण बाहेरून आलं त्या रात्रीचा. चौथा का जमला ते मला आठवत नाही, पण जमला. उरलेल्या पंधरांच्या वेळी मी त्याच खोलीत ये-जा करत होते, म्हणून ह्यांना मी बसलेलीच वाटले. हे खोटं लिहीत नाहीत, ह्यांना खरंच तसं दिसलं असणार.

थिएटरला सातपैकी सहा वेळा गेले. सहाच्या सहा पूर्ण पाहिले. एकात तर मध्ये झोप लागली, तीही पूर्ण झाली.

मीठभाकर ताई, भजी मी बंद केलेली नाहीत. फक्त आता टीव्ही लागण्याआधी करते, आणि गार झाली तर गार खा म्हणते.

मीठभाकर

वहिनी, "तीही पूर्ण झाली" :))) दंडवत.

हिशेबी_पेठकर

आता मी. वही परत मिळाली.

नवीन पान उघडलं. घरचा वर्षाचा खर्च १८,३४१, भागिले चार. सौ.ने पाहिलेल्या सिनेमामागे ४,५८५ रुपये. थिएटरात तिच्या खुर्चीचे ५७१.

ताळेबंद

थांबा थांबा. अख्ख्या घराचा खर्च एका माणसाच्या माथी मारता येत नाही. हिशेबाचा हा कुठला प्रकार? पाचांत वाटा आधी.

हिशेबी_पेठकर

हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "घरात मारता येतो."

असो. काय बदललं ते लिहून माझ्यापुरतं थांबतो. तिसरं ॲप क्रिकेट नसेल तेव्हा बंद. नेटफ्लिक्स चार महिने, मे आणि दिवाळी धरून. सोफा पुढे ओढला. तात्या, चित्र खरंच मोठं झालं, आईलाही चष्मा न लावता नावं वाचता आली.

आणि काल मंगळवार होता. मुलं शाळेत, मी अर्धी रजा टाकली. सकाळचा साडेदहाचा मराठी सिनेमा, सवलतीची दोन तिकिटं, खिडकीवर जाऊन काढली. (कलमताई, माणूस खरंच शोधून आणावा लागला.) तिकिटं २४०, स्कूटरचं पार्किंग २०. हॉलमध्ये आम्ही धरून अकरा जण. पाण्याचा नळ सापडला, बोळातच होता. आत काही खाल्लं नाही. बाहेर पडल्यावर टपरीवर दोन कटिंग आणि एक क्रीमरोल अर्धा-अर्धा, ४५. एकूण ३०५.

पंचगंगेकाठी

आता कसं! सिनेमा कसा होता पण?

हिशेबी_पेठकर

सिनेमा बेताचा. तिला आवडला.